हयात असल्यास कळवावे

तीर्थरूप आत्या,

भाच्याचा नमस्कार. (साष्टांग लिहायची पद्धत आहे, पण माझी कंबर दीड महिना मंडळाच्या कामाला जुंपलेली आहे, तेव्हा उभ्याउभ्याच घालतो, गोड मानून घे.) आमच्याकडे सगळं ठीक. पत्राच्या सुरुवातीला वडीलधाऱ्यांची प्रकृती विचारायची असते आणि उत्तर काय येणार ते दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक असतं. या वेळी मात्र मी अगदी मनापासून विचारतो आहे. तू कशी आहेस? मुळात, आहेस ना? कारण आपल्या मंडळाच्या नोंदवहीत तू गेले तीन आठवडे दिवंगत आहेस, ती नोंद माझ्याच अक्षरात आहे, आणि येत्या चौदा तारखेला ती वही नगर कार्यालयात जमा होणार आहे. एकदा ती तिथे गेली की तुला परत आणणं माझ्या हातात राहणार नाही. लगेच रागावू नकोस, रागवायच्या जागा पुढे पुष्कळ आहेत.

आता हे मंडळ कुठलं, ते तुला ठाऊक असायचं कारण नाही. एकोणीस वर्षांपूर्वी आजीच्या थडग्यापाशी तुझं आणि बाबांचं बिनसलं आणि तू फाटकाबाहेर पडलीस ती पुन्हा आलीच नाहीस. बाबांनी शिळेवर आजीच्या गुणांच्या अकरा ओळी कोरून घेतल्या होत्या. तू म्हणालीस, जन्मभर चार शब्दांवर पाचवा न बोललेल्या बाईच्या उशाला हे भाषण कशाला. बाबा मोठ्यांदा बोलले, तू हळू बोललीस, आणि भांडणात हळू बोलणाऱ्याचं जास्त लागतं. तुझ्यानंतर हळूहळू बाकीच्यांचंही तिथे जाणं सुटलं. गवत कमरेएवढं झालं (बाबांना नेलं तेव्हा त्यातून तेवढी वाट कापली, तीही पुन्हा बुजली), फाटकाची एक बाजू कुणीतरी उचलून नेली (दुसरी नेली नाही, कारण ती गंजून जमिनीत रुतली होती), आणि मग यंदा नगर कार्यालयाचं पत्र आलं. सदर दफनभूमी बेवारस दिसते, घराण्याने दोन महिन्यांत नकाशा, मृतांची यादी आणि हयात वारसांची यादी सादर करावी, अन्यथा जागा सपाट करून तिथे वाहनतळ करण्यात येईल. ज्या घराण्यात दोन भाऊ एका मांडवात सरळ तोंडाने बोलत नाहीत, ते घराणं त्या पत्राने आठ दिवसांत एकत्र आलं. जिवंत माणसांसाठी आपण कधी जमलो नसतो.

मग दफनभूमी वाचवायला मंडळ काढलं आणि त्याची पहिली सभा माझ्या चष्म्याच्या दुकानात भरली, कारण तिथे खुर्च्या आहेत. अध्यक्ष म्हणून तुझे चुलतभाऊ हेडसर निवडून आले. निवडून आले म्हणजे काय, ते येऊन अध्यक्षांच्या जागी बसले आणि त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी त्यांची शाळा सुटलेली नाही. डोळे तपासायचा माझा तक्ता भिंतीवर होता, त्यातली शेवटची ओळ त्यांनी आधी सगळ्यांकडून वाचून घेतली आणि मग कामकाज सुरू केलं. चिटणीसपद माझ्या गळ्यात पडलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे असं बाबा सगळीकडे सांगत फिरायचे. आईबापांनी केलेलं कौतुक असं कधी ना कधी अंगाशी येतंच.

साफसफाईचं काम दंतवैद्यदादाने अंगावर घेतलं. (हा हेडसरांचा थोरला. तुला आठवत असेल तो, लहानपणी तुझ्या मांडीवर बसून तुझ्या दाढा मोजायचा.) दगडाला तारेचा ब्रश लावायचा नाही, तो नाजूक असतो, असं म्हणत त्याने दवाखान्यातली ती छोटी वाकडी हत्यारं आणली आणि एका स्टुलावर बसून पणजोबांच्या अक्षरांतलं शेवाळ कणाकणाने काढायला लागला. काम खरोखर सुरेख करतो. फक्त सवयीने मधूनमधून थांबून दगडाला विचारतो, दुखतंय का. तिथवर ठीक होतं, पण पुढे त्याला शिळांना पडलेल्या भेगा दिसल्या आणि त्याच्यातला डॉक्टर जागा झाला. दाढेत भरतात तो मसाला त्याने पाच पिढ्यांच्या भेगांत भरला. वाळल्यावर तो पांढराशुभ्र झाला. आता लांबून पाहिलं तर आपले सगळे पूर्वज दात दाखवून हसताहेत असं वाटतं, आणि हेडसरांना तो मंडळाचा अपमान वाटतो. बापलेकांत चार दिवस अबोला होता. (या घराण्यात अबोला वारसाने येतो, जमिनी गेल्या तरी तो राहिला.)

खरं घोडं अडलं ते यादीपाशी. मेलेल्यांची यादी सोपी, ते जागचे हलत नाहीत. हयात वारस शोधता शोधता नाकी नऊ आले. जुन्या वह्यांतून, लग्नपत्रिकांवरून, कुणाकुणाच्या आठवणीतून त्रेसष्ट पत्ते जमले. हेडसरांनी एक छापील पत्र तयार केलं, मथळा ‘हयात असल्यास कळवावे’, आणि शाळेतला हजेरीचा नियम जसाच्या तसा मंडळाला लावला. तीनदा नाव पुकारायचं, तिसऱ्यांदाही ओ आली नाही तर गैरहजर. म्हणजे तीन पत्रं पाठवायची, दहा-दहा दिवसांच्या अंतराने, आणि तिसऱ्यालाही स्वहस्ते उत्तर आलं नाही तर तो माणूस दिवंगत धरायचा. मी भीतभीत म्हणालो, सर, शाळेत गैरहजर मुलगा बहुधा तापाने पडलेला असायचा किंवा आंबे पाडत असायचा. ते म्हणाले, चिटणीसांनी सूचना करू नयेत, नोंदी कराव्यात. फोन करून विचारायचीही सोय ठेवली नाही, कारण आवाज कुणाचाही असू शकतो.

एकोणसाठ जणांची उत्तरं आली. काहींनी तर आम्ही चांगले हयात आहोत असं इतक्या रागाने लिहिलं होतं की शंकेला जागाच राहिली नाही. चौघांचं उत्तर आलं नाही, त्या चौघांत तू. मी सभेत उठून सांगितलं की आत्या आहे, ठणठणीत आहे. हेडसरांनी विचारलं, पुरावा? पुरावा माझ्याकडे नव्हता. त्यांनी जावक वही उघडली, तुझ्या नावापुढे ‘रवाना, रवाना, रवाना’ असं माझ्याच सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं. मी खाली बसलो.

यादीत चार जण वाढले आणि जमिनीवर त्यांची शिळा नाही, हे नगर कार्यालयाच्या तपासनिसाला कसं दिसेल, म्हणून चारही शिळा पाथरवटाला सांगायचं ठरलं. जन्मात कुठलं काम वेळेवर न देणारा हा माणूस. बाबांच्या शिळेसाठी त्याने आम्हाला सात महिने खेटे घालायला लावले होते. मी त्याच भरवशावर होतो, की तोवर काहीतरी मार्ग निघेल. पण अर्ज नगर कार्यालयाचा आहे म्हटल्यावर त्याने सहा दिवसांत चारही शिळा आणून उभ्या केल्या, आणि वर मलाच म्हणाला, साहेब, आपल्याकडे उशीर नाही.

शिळा लागल्या त्याच रविवारी त्यातले एक दिवंगत स्वतः हजर झाले. लांबकाका, ते बस चालवायचे ते. त्यांची तिन्ही पत्रं त्यांच्या सुनेने जाहिराती समजून रद्दीत घातली होती, आणि आपली शिळा लागल्याचं त्यांना दाढी करताना न्हाव्याकडून कळलं. ते तावातावाने आले, स्वतःच्या शिळेसमोर उभे राहिले आणि चष्मा काढून पुसायला लागले. मला वाटलं, गलबलून आलं असेल. मग म्हणाले, जन्मसाल तीन वर्षं अलीकडचं हवं. हेडसर म्हणाले, आधी तुम्ही हयात असल्याचं लेखी द्या, मग दुरुस्ती करू. लांबकाका म्हणाले, मी समोर उभा आहे. हेडसर म्हणाले, तोंडी चालत नाही. शेवटी लांबकाकांनी आपल्याच थडग्यावर कागद ठेवून आपण जिवंत असल्याचा अर्ज लिहिला, सही केली, आणि यादीतून सुटले. शिळा मात्र काढू द्यायला तयार नाहीत. म्हणतात, दगड चांगला आहे, जागा सावलीची आहे, पुढे मुलं कुठली एवढं करणार. बाकी दोघांचीही उत्तरं उशिरा का होईना आली. आता उरलीस ती तू एकटी.

तुझी शिळा बाबांच्या शेजारी आहे. ती जागा मीच दाखवली. मजकूरही चिटणीसाने द्यायचा होता. मी रात्रंदिवस विचार करून तीन शब्द दिले, ‘खरं तेच बोलली’. हेडसर म्हणाले, फारच त्रोटक आहे, निदान स्वभाव आणि संसार यांवर दोन-दोन ओळी घाला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हणालो. पलीकडे आजीच्या अकरा ओळी, मधे बाबा, अलीकडे तुझे तीन शब्द. तिथे उभा राहून मला फार वाईट वाटलं, आत्या. दगड चांगला बसला आहे, अक्षर ठसठशीत आहे, आणि मला तो उखडून टाकावासा वाटतो. आजवर मी कित्येकांना चष्मे लावून दिले, पण जिवंत माणसाचं थडगं इतकं स्पष्ट दिसायची वेळ माझ्यावर यायला नको होती.

असो. बाकी विशेष नाही. तुझी सून (म्हणजे माझी बायको, नातं इतकं जुनं झालं की सांगावं लागतं) तुला नमस्कार सांगते. पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तब्येत, गुडघे आणि राग, तिन्ही ताब्यात असोत ही इच्छा.

तुझा,
वहीप्रमाणे पोरका, पण अजून आशा न सोडलेला भाचा

ता. क. मुख्य काम राहिलंच. चौदा तारखेच्या आत स्वतःच्या हाताने एक ओळ पाठव. ‘मी आहे’ एवढं पुरे. खाली सही कर. कागदाबद्दल हेडसरांची अट नाही, किराण्याच्या यादीमागे लिहिलंस तरी चालेल.

ता. क. दुसरा. वरची ओळ पाठवू नकोस. तूच ये. तपासनीस चौदा तारखेलाच दहा वाजता जागेवर येणार आहे, तू नऊला ये. तोंडी चालत नाही म्हणून हेडसर अडून बसतील, पण ते शाळेत शिकत असताना त्यांचा कान पिरगाळणारी तू एकटीच होतीस असं बाबा सांगायचे. घ्यायला मी स्टँडवर येतो. फाटकाची गेलेली बाजू नवी बसवली आहे, पण ते उघडंच ठेवायला लावीन.

ता. क. तिसरा. हे पत्र घडी करून पाकिटात घातलं होतं, परत काढलं. वर सगळीकडे मी असं लिहिलं आहे की तू तिन्ही पत्रांना उत्तर दिलं नाहीस. आत्या, तुला एकही पत्र आलेलं नाही. तिन्ही माझ्या दुकानाच्या खणात आहेत, तिकिटं लावून. पोस्टाच्या पेटीपर्यंत जाऊन तीनदा परत आलो आणि वहीत ‘रवाना’ लिहिलं. तुला काहीही पाठवायचं म्हणजे आधी एक गोष्ट सांगावी लागली असती आणि ती सांगायला मला तोंड नव्हतं. बाबा गेले त्याच्या चार दिवस आधी त्यांनी मला बसवून घेतलं आणि म्हणाले, कागद घे, ताईला लिही. मी लिहून घेतलं. अक्षर नीट आलं नव्हतं म्हणून पुन्हा काढून पाठवू म्हटलं, आणि तेवढ्यात ते गेले. मग उशीर झाल्याची लाज, मग त्या लाजेची लाज, असं करत वर्ष गेलं. बाबा गेल्याचंही तुला परक्याकडून कळलं. तो कागद सोबत जोडला आहे, पहिलाच, खराब अक्षरातला. मजकूर एवढाच आहे: ‘ताई, तुझं बरोबर होतं. अकरा ओळी जास्त झाल्या. आता मी चारच शब्द बोलतो. रागावू नकोस, घरी ये.’ हे पत्र आता बायकोच्या हाती देतो आहे, तीच टाकून येईल, माझा भरवसा नाही. तू माझ्यावर रागाव, जन्मभर रागाव, पण इथे येऊन रागाव.