पेशी दिसली नाही

रविवार, १९ मार्च

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. मुख्याध्यापकाला 'बाळ' म्हणू नये असं तू मागे चारचौघांत सुचवलं होतंस, ते लक्षात आहे. पण हे पत्र तुझा शिपाई फोडणार नसेल तर कोणाला कळायचं कारण नाही. इकडे सर्व ठीक. ह्यांचा गुडघा कुरकुरतो, पण खुद्द ह्यांच्यापेक्षा कमी. वरच्या मजल्यावरच्या नळाचं पाणी अजून आमच्याच भिंतीत मुरतं, आणि वरचे गृहस्थ अजून म्हणतात की तो भिंतीचा मूळ रंग आहे.

तुझी लेक चिमी इथे मजेत आहे. जेवते, झोपते, ह्यांच्याशी पत्त्यांत लबाडी करते. तू पत्रात तिची चौकशी शेवटच्या ओळीत केली आहेस, मी दुसऱ्याच परिच्छेदात उत्तर दिलं. असो. तुझ्या घरी जेवणाच्या टेबलापाशी काय झालं त्याबद्दल सध्या लिहीत नाही. आधी तुझ्या पत्राबद्दल.

तू लिहितोस, 'ताई, तू जीवशास्त्र शिकवतेस, तुझं ती ऐकेल. तिला समजाव. कांद्याच्या पेशीची आकृती नीट काढून, एक माफीची ओळ लिहून शुक्रवारपर्यंत दिली, तर परीक्षकांशी बोलून प्रात्यक्षिकात पास करून घेतो. नाहीतर पुढच्या वर्षी जीवशास्त्र मिळणार नाही.' वा! मुलीला एकच विषय आवडतो, तो मिळवण्यासाठी आधी त्याच विषयाशी खोटं बोलायचं. किती सोयीस्कर प्रवेशपरीक्षा आहे.

तिने काय लिहिलं होतं ते मी वाचलं. एक वर्तुळ, आत काही नाही, आणि खाली सुवाच्य अक्षरात: 'पांढरा प्रकाश दिसला. पेशी दिसली नाही.' बाळ, इतकी वर्षं मी निरीक्षणं तपासते आहे, इतकं स्वच्छ निरीक्षण माझ्या हाताखालून क्वचित गेलं असेल. तुमच्या परीक्षकांनी त्यावर लाल शाईने भोपळा काढला. त्याच्याही आत काही नव्हतं, पण तो मात्र ग्राह्य.

मंगळवारी चिमीची पुस्तकं न्यायला मी तुझ्या शाळेत आले होते. तू कुठल्याशा सत्काराला गेला होतास. मी सरळ प्रयोगशाळेत गेले. तुमचे जीवशास्त्राचे सर मोठे आदबशीर. खुर्ची दिली, चहा मागवला. टेबलावर मायक्रोस्कोप ओळीने मांडलेले, पितळ असं चकचकीत की त्यात भांग पाडावा. मी एकाला डोळा लावला. पांढरा प्रकाश दिसला. दुसऱ्याला लावला, तेच. तिसरा उचलून खालून पाहिला. जिथे भिंग असतं तिथे नुसतं भोक.

"सर, भिंगं कुठायत?"

"मुख्याध्यापक साहेबांच्या कपाटात, बाई. एकदम सुरक्षित. मुलं ओरखडे पाडतात ना. मायक्रोस्कोप आल्या आल्याच साहेबांनी ती काढून ठेवायला लावली."

"आणि परीक्षेच्या दिवशी?"

"परीक्षेत कशाला लागतात?" त्यांना खरोखरच कळेना. "आकृती पुस्तकात असते की."

"मग मुलं डोळा लावून करतात काय?"

"डोळा लावायचा एक मार्क आहे, बाई."

ते थट्टा करत नव्हते रे. तेच तर. त्यांनी अभिमानाने मला बाकीचे पेपर दाखवले. सगळ्या वर्गाला भिंगाशिवाय पेशी दिसली. भित्तिका दिसली, केंद्रक दिसलं, नावांच्या रेघा पट्टीने आखलेल्या. एका महाभागाला तर कांद्याच्या पातळ पापुद्र्यात हरितलवकं दिसली, हिरव्या खडूने रंगवलेली. कांदा जमिनीखाली अंधारात वाढतो, त्याच्या पापुद्र्यात हिरवं काही नसतं, हे मी सहावीच्या मुलांना सांगते. तुमच्या परीक्षकांनी शेरा दिलाय, 'उत्तम निरीक्षण'. पुढे हा मुलगा डॉक्टर होईल आणि माझ्या छातीला नळी न लावताच मला ठणठणीत ठरवेल.

परवा वर्गात सजीवांची लक्षणं शिकवत होते, आणि सारखी तुझी शाळाच डोळ्यांपुढे येत होती. पोषण घेते, देणग्या तर दोन्ही हातांनी घेते. वाढ होते, नवा मजला चढलाय. उत्सर्जन करते, रोज एक परिपत्रक. प्रजननही झालं; नदीपलीकडे शाखा निघाली. मग राहिली चेतनाक्षमता, म्हणजे टोचलं तर हलणं. एका मुलीने टोचलं. 'दिसत नाही' म्हणाली. गोगलगायसुद्धा शिंगं आत घेते रे! तुमची शाळा ढिम्म. बरं, तिचा मुख्याध्यापकही ढिम्म राहिला असता तरी चाललं असतं.

आता टेबलाचं लिहिते. टाळत होते, कारण लिहिलं की ते खरं होईल असं वेड्यासारखं वाटत होतं.

चिमीने मला पहिल्या दिवशी काही सांगितलं नाही. दप्तर घेऊन दारात उभी राहिली, म्हणाली, "आत्या, मी थोडे दिवस राहू?" गालाकडे मी पाहिलं तर केस पुढे घेतले. म्हणाली, दार लागलं. दाराला बोटं नसतात, बाळ. चार दिवसांनी ह्यांच्याशी पत्ते खेळता खेळता, पानांवरची नजर न काढता बोलून गेली: "जेवताना बाबा म्हणाले, सगळ्यांना दिसलं आणि तुलाच कसं दिसलं नाही? मी म्हटलं, सगळ्यांना पण नाही दिसलं. मग मारलं."

ह्यांनी पत्ते खाली ठेवले आणि उठून गॅलरीत गेले. तुला ह्यांचा स्वभाव माहीत आहे. वरच्या मजल्यावाल्यांशीसुद्धा ह्यांना चढ्या आवाजात बोलता येत नाही. परत आले ते म्हणाले, "बाळला म्हणावं, इथे येताना हात घरी ठेवून ये."

आपल्या आईवडिलांनी आपल्यावर कधी हात उगारला नाही, आणि तुला तर मी पाठीशी घालून घालून वाढवलं. म्हणून आज ही भाषा लिहिते आहे. रागाने, गैरसमज नको.

आता नीट ऐक. चिमीला वाटतं की मायक्रोस्कोप बिघडले होते. भिंगं कुठे आहेत हे तिला ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही. काल भांडी पुसता पुसता तिने विचारलं, "आत्या, बाबांना माहीत असेल का गं, की त्यातून काही दिसत नाही ते?"

मी ताटली पुसत राहिले. मग म्हटलं, "ते त्यालाच विचार."

"माहीत असतं तर मारलं नसतं ना पण?"

याचं उत्तर मला येतं, बाळ. कपाटाची किल्ली तुझ्या खिशात असते. पण ते मी तिला देणार नाही. बापाबद्दलची अशी गोष्ट मुलीला आत्याच्या तोंडून कळू नये, एवढी माया तुझ्यावर अजून आहे. ती मला आज महाग पडते आहे.

आकृती ती काढणार नाही. माफीची ओळ लिहिणार नाही. मीच लिहू देणार नाही. तिचा भोपळा आहे तसा राहू दे. माझ्या शाळेत पुढच्या वर्षी तिला जीवशास्त्र मिळेल, आमच्याकडचा मायक्रोस्कोप एकच आहे आणि त्याला ओरखडे आहेत. तिला घरी न्यायचं की नाही हे तू ठरवणार नाहीस, ती ठरवेल, आणि तुझं उत्तर ऐकल्यावर ठरवेल. तेव्हा ये. सत्कार, सभा, परीक्षक, सगळं सोडून ये. समोर बस आणि तिने विचारलं की 'माहीत होतं' असं सांग. पुढे काय बोलायचं ते मी शिकवणार नाही. ती रडेल, कदाचित उठून जाईल. बसून राहा.

खोटं सांगायचं असेल तर मात्र येऊ नकोस. ही मुलगी पाहून सांगते, तुझ्या शाळेतल्या बाकीच्यांसारखी पाठ करून नाही.

तिची आत्या आधी, आणि मग तुझी,
ताई