लाऊशेठच्या गल्ल्यावरून

आग्वादुल्से, रविवार सकाळ

तीर्थरूप दिग्नामावशीस एलिएसेरचा गुडघे टेकून नमस्कार (डावा अजून दुखतो, तेव्हा एकच टेकला असं समज).

तुझं पत्र आलं तेव्हा आंबा मोहरला होता, आता कोयी वाळल्या. टाळाटाळ केली, कबूल. तुझी कंबर बरी असेल. तांबडी कोंबडी अंडी घालते का? (इथं एकाकडे तसलीच आहे, पण ते राहू दे.)

निघताना तू बजावलं होतंस, हाती घेतलेलं एक तरी काम तडीस ने, मगच माझा उंबरा ओलांड. ते काम मिळालं होतं. आमच्या चर्चचे पाळक अब्दिएल किरोस राजधानीच्या मेळाव्याहून परतले ते चिनी लोकांत सेवा करायची म्हणून पेटूनच. (त्यांच्या आधी सासरे पाळक होते, त्यांच्या काळीही असंच पेटलं होतं. त्यातलं एक चिनी स्तोत्रांचं पुस्तक उरलंय, ते देवळातल्या वाजवायच्या पेटीच्या पायाखाली टेकू आहे.) मी बंदरात चिनी आचाऱ्याकडे भांडी घासलेली, म्हणून तज्ज्ञ मीच. एक कुटुंब मंडळीत आण, राजधानीतल्या चिनी वस्तीत कायमचा सेवक म्हणून पाठवतो, असा शब्द मिळाला.

कोपऱ्यावरचं किराणा दुकान लाऊशेठचं. आमची गाणारी मंडळी ठेवणीतले पांढरे कपडे घालून त्यांच्या दारात संथ चालीत गायला लागली. त्यांच्यात पांढरं सुतकात घालतात, हे तज्ज्ञाला ठाऊक नव्हतं. लाऊशेठची म्हातारी आई वरून खाली आली, प्रत्येकाचा हात दाबला आणि त्यांच्या रिवाजानं सांत्वनाला एकेक टॉवेल दिला. पाळकांनी राजधानीला कळवलं, पहिलं फळ हाती आलं. (टॉवेल चांगले आहेत. गाण्याच्या तालमीत घाम पुसायला होतात.)

मग मी लाऊशेठना सरळच विचारलं, रविवारी उपासनेला याल का? शेंगदाणे तोलता तोलता ते म्हणाले, "येतो की. पण दुकान कोण बघणार, तुझा पाळक?" नाताळलाही दार न लावणारा माणूस तो. मी म्हटलं, मी बघतो.

तिथंच फसलो. लाऊशेठ जे रमले ते रमलेच. बायकोमुलांसकट पहिल्या बाकावर बसतात, बेसूर पण मोठ्यानं गातात, देवळाचे पंखेही त्यांनीच दुरुस्त केले. आणि मी दर रविवारी गल्ल्यावर. उपासना सुटली की सगळे थंड प्यायला इथंच येतात. एनेदिनाबाई बाटली उघडता उघडता म्हणतात, "काय रे, देवाला विसरलास? त्या लाऊशेठकडून तरी शीक." जो स्वतःच उपासनेला येत नाही त्याला कशाला पाठवायचं, असं आता पाळकांचंही मत झालंय, आणि राजधानीसाठी लाऊशेठचं नाव निघालंय. मी कोणाला दोष देत नाही. साबण मात्र आता न बघता काढून देतो.

तुझा,
एलिएसेर

ता. क. कोंबडीची चौकशी उगाच केली. खरं काम हे: पुढच्या रविवारी लाऊशेठचा बाप्तिस्मा, आणि कोणाला पाठवायचं तेही त्याच दिवशी ठरणार. मला तिथं असायलाच हवं. शनिवारच्या बसनं ये आणि एक सकाळ गल्ल्यावर बस.

ता. क. बस धरू नकोस. टॉवेल वाटल्यापासून एकदाही खाली न उतरलेली म्हातारी आत्ताच जिना उतरून आली, नखशिखांत पांढऱ्यात. मोडक्या बोलीत मला म्हणाली, "दर रविवारी तुमच्यात शोक चालतो, आणि तू घरचा माणूस इथं साबण विकतोस. ऊठ. आजपासून रविवारी मी बसते." मी समजावलं, आजी, आमचा गेलेला तिसऱ्या दिवशी परत उठला. तिनं जरा विचार केला, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि माझं स्टूल ओढून घेतलं.

"मग आधी जा ना. तो वाट बघत असेल."