उशीतला कापूस

बाबा, तुमच्या निळ्या शर्टाबद्दल लिहायला बसले आहे. इतकी वर्षं टाळलं. पण परवा कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, धुळीवरून ओळखायला तुम्ही कुठे शिकलात?" आणि मी सरळ थाप मारली की माझ्या सरांकडे.

मी काय करते ते तुम्हाला कधी सांगताच आलं नाही. काही ताऱ्यांभोवती धुळीच्या तबकड्या असतात, त्या मी बघते. लोकांना वाटतं मी रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसते. मी आपली सकाळी दहाला डबा घेऊन ऑफिसात जाते आणि संगणकावर आलेली चित्रं तपासते. मधोमध तारा, भोवती धुळीचं कडं आणि कड्यात कधीकधी एक मोकळी पट्टी. ग्रह दिसत नाही, पण त्या पट्टीतली धूळ कोणीतरी झाडून नेलेली असते, म्हणून म्हणायचं, इथून एक ग्रह फिरतोय. आणखी एक गंमत म्हणजे ही धूळ टिकत नाही. ताऱ्याचा उजेडच तिला उडवून देतो, नाहीतर ती ताऱ्यात जाऊन पडते. तरीही ती दिसते, याचा अर्थ आत कुठेतरी मोठमोठे धोंडे अजून एकमेकांवर आपटताहेत, त्यांचा भुगा होतोय. म्हणून धूळ दिसली की पहिला प्रश्न, ही आली कुठून? हा प्रश्न मी पहिल्यांदा दहा वर्षांची असताना विचारला होता, तुमच्याबद्दल.

संपाआधी तुम्ही गिरणीच्या कार्डिंग खात्यात, कापूस पिंजायच्या यंत्रांवर होता. पहिली पाळी करून चारच्या सुमारास चाळीत यायचात तेव्हा डोक्यावर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवरसुद्धा कापूस असायचा. आई तुम्हाला दारातच अडवायची, शर्ट काढून घ्यायची आणि गॅलरीच्या कठड्यावरून झटकायची. उन्हाच्या तिरपेत ते तंतू कितीतरी वेळ तरंगत राहायचे आणि मी हात लांबवून धरायला बघायचे. तुम्ही खोकत खोकत हसायचात. त्या खोकल्याचा अर्थ तेव्हा कोणी लावला नाही.

मग संप झाला. तो मिटला असं कोणी येऊन सांगितलं नाही, पण भोंगे मात्र एकेक करून पुन्हा वाजायला लागले. आपल्या गिरणीचा वाजला नाही. एक दिवस तुम्ही सांगितलंत की डिलाईल रोडच्या एका गिरणीत बदलीवर घेतलंय, कोणी कामावर आलं नाही की त्याच्या जागी उभं राहायचं. आई पुन्हा डबा द्यायला लागली. चारला तुम्ही यायचात, शर्टावर कापूस असायचा, आई झटकायची. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "बरां झाला गो बाय, हाताक काम गावला." त्या दिवसांत तुम्ही कठड्याला टेकून बिडी ओढायचात आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचात. मला ते तुमचं बोलणं अजून ऐकू येतं.

पण मी चौकस होते. हा कापूस पिवळट होता, गोळ्यागोळ्यांचा, आणि खांद्यांवरच असायचा. भुवयांवर कधीच नाही. आपल्या उशीच्या एका कोपऱ्याची शिवण उसवली होती आणि उशी दिवसेंदिवस चपटी होत चालली होती.

चार वाजलेत. आई कठड्याशी उभी आहे, शर्ट हातात. शेजारच्या काकू त्यांच्या दारात सुपात तांदूळ निवडताहेत. तुम्ही बनियनवर, वाकून चपला काढताय. मी खणखणीत आवाजात म्हणते, "आई, हा गिरणीतला कापूस नाय. उशीतला आहे. बाबांच्या भुवया बघ, कोऱ्या आहेत." आईचा हात थांबत नाही. झटकण्यासारखं काही उरलेलं नसताना ती झटकतच राहते. काकू सूप उचलून आत जातात. मला वाटतं तुम्ही रागावाल. तुम्ही माझ्याकडे बघता आणि हळूच म्हणता, "हुशार आसा गो माझा चेडू."

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बाहेर पडला नाहीत. भिंतीकडे तोंड करून बसायचात. कठड्याशी बिडी नाही, कोणाशी बोलणं नाही. तिसऱ्या वर्षी छातीच्या दुखण्यात गेलात. पुष्कळ नंतर आईने सांगितलं, तुम्ही दिवसभर भोईवाड्यातल्या देवळाच्या कट्ट्यावर बसायचात आणि डबाही तिथेच खायचात. तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, उशी तिचीच होती ना. "माणसाक घराक येवक कायतरी निमित लागतां गो," म्हणाली. मी त्या दिवशी मोरीत जाऊन रडले. बाबा, धूळ कुठून आली ते मी अगदी बरोबर ओळखलं होतं. आत तुमचं काय भरडलं जात होतं ते मात्र मी विचारलंच नाही, आणि आता विचारायला तुम्ही नाही. लोक मला या कामाबद्दल शाबासकी देतात तेव्हा मला तुमचीच शाबासकी ऐकू येते आणि मान वर होत नाही.

आई आता माझ्याकडे असते. अजून त्याच उशीवर झोपते, नवा कापूस भरून आणते म्हटलं तर नको म्हणते. हे पत्र तिला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. पण एक गोष्ट तिलाही माहीत नाही, आणि ती कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल याची मला भीती वाटते, म्हणून कागद माझ्याच कपाटात राहील. उशीचं मला त्या दिवशी कळलं नव्हतं, बाबा. चार दिवस आधीच कळलं होतं. काकू दारात येऊन बसण्याची मी वाट बघत होते.