म्हातारीच्या पोटातला डीकोडर

३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुझ्याशी बोलले की बाबा शेजारच्या खोलीतून प्रत्येक वाक्याला उत्तर देतात. कान ठणठणीत आहेत. बिघडलाय तो हात.

आयुष्यभर सलूनमध्ये लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवला, कुणाला ओरखडा नाही. आता तोच उजवा हात थरथरतो, आणि ते सगळं त्यांच्या माळ्यावरच्या मॉडेल रेल्वेवर उमटतं. जुना मामला आहे ना, कंट्रोलच्या डब्यावरचं गोल बटण फिरेल तसा करंट थेट रुळात. हात हलला की इंजिन उडी मारतं. आपली म्हातारी, म्हणजे तेच काळं इंजिन, आपल्या दोघांच्याही आधी घरात आलेलं, परवा वळणावर रुळावरून उतरली आणि टेबलावरून पडता पडता वाचली. तेव्हापासून बाबांनी माळ्यावर पाय ठेवलेला नाही. कंटाळा आला म्हणतात. दिवसभर खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे केस किती वाईट कापलेत ते मला ऐकवतात. मला हे बघवत नाही रे.

तू मागे म्हणाला होतास, इंजिनात डीकोडर नावाची चिप बसवली की वेग हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो, हात हलला तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. तो पाठव. बाबांना कळू द्यायचं नाही, मी सर्व्हिसिंग केली म्हणून सांगीन. तुमचा हात थरथरतो असं त्यांना तोंडावर सांगायची माझी छाती नाही. तुझीही नाही, तेव्हा उगाच आव आणू नकोस.

पार्सलात थोडी माया घातलीस तर परत पाठवणार नाही.

तुझी,
शिवणवाली

१२ फेब्रुवारी

चि. शिवणवालीस,
अनेक आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली.

डीकोडर पाठवतोय, आणि त्याला हुकूम सोडणारा नवा डबाही. निवडताना दुकानदाराचं डोकं खाल्लं. तो जरा मोठा घ्या म्हणत होता. त्याला म्हटलं, बाबा रे, मी श्रवणयंत्रं दुरुस्त करतो, लहान वस्तूंमधलं मला शिकवू नकोस. सगळ्यात चिमुकला उचलला. तुझ्या शर्टाच्या बटणाएवढा आहे.

लाल आणि काळी तार चाकांकडून येणाऱ्या करंटला, नारिंगी आणि राखाडी मोटरला. तुला रंग जुळवायला सांगणं म्हणजे माझाच आगाऊपणा. बाबांना नमस्कार सांग, कारण मात्र सांगू नकोस.

लोभ आहेच, वजनात बसला नाही म्हणून पाकिटात घातलेला नाही.

तुझा,
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार, पण साष्टांग नाही. तेवढी तुझी लायकी उरलेली नाही.

तुझा चिमुकला जळला. म्हातारी वीतभर चालली, अडखळली, आणि तिच्या धुराड्यातून खराखुरा धूर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खालून बाबांनी विचारलं की काय जळतंय. मी म्हटलं, इस्त्री. ते नुसतं 'बरं' म्हणाले, आणि त्या 'बरं'चीच मला जास्त धास्ती वाटतेय.

आता शहाणपण बाजूला ठेव आणि दुकानदाराचं ऐक.

रागावलेली, तरी तुझीच,
शिवणवाली

२८ फेब्रुवारी

चि. शिवणवालीस,
आशीर्वाद, पडेल आवाजात.

दुकानदार हसला. मनसोक्त हसला, मग सांगितलं. जुन्या मोटरची भूक मोठी असते. चाक अडकलं की ती किती करंट ओढते, ते आधी मीटर लावून बघायचं आणि त्याहून जास्त झेपेल असाच डीकोडर घ्यायचा. म्हातारी अडखळली तेव्हा तिने मागितलं त्याच्या निम्मंही माझ्या चिमुकल्याला पेलवणारं नव्हतं. दुसरं असं की जुन्या इंजिनात मोटरचं एक टोक धातूच्या सांगाड्यालाच टेकलेलं असतं. ते आधी वेगळं करायचं, नाहीतर नवाही जळेल.

आता आडदांड पाठवलाय. पोटात मावला नाही तर मागच्या कोळशाच्या डब्यात बसव. आणि वेग चढण्या-उतरण्याचं सावकाशपण नव्या डब्यातून पाहिजे तेवढं वाढवता येतं. मी म्हणतो, अगदी शेवटपर्यंत वाढव. थरथरीचा मागमूस राहायला नको.

माझ्यावरचा राग असाच हळूहळू उतरू दे.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि. (साष्टांग परत दिलाय.)

जमलं! मोटर आणि सांगाड्याच्या मध्ये कॉलरमधली प्लास्टिकची पट्टी कापून सरकवली. डीकोडर कोळशाखाली झोपलाय. नव्या डब्यावर बाबांचं जुनंच बटण बसवलंय, त्यांच्या बोटांनी झिजलेलं. सावकाशपण तू म्हणालास तसं शेवटपर्यंत.

आज त्यांना ओढतच माळ्यावर नेलं. म्हातारी अशी निघाली की कपातला चहा हिंदकळू नये. बाबा कितीतरी वेळ चालवत होते. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं. खाली आल्यावर त्यांनी पत्राचा कागद मागितला. तो सोबत आहे. उघडून बघायची माझी हिंमत झाली नाही.

तुझी,
शिवणवाली

९ मार्च

चि. दोघांस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर हललेलं दिसेल. ते सर्व्हिसिंगला टाकता येत नाही.

जळाली ती इस्त्री नव्हती. इस्त्रीचा वास मला कळतो, ती माझ्या खोलीत ठेवलेली असते. आणि बटण माझं असलं तरी डबा माझा नाही, हेही मला दिसतं. माझा हात थरथरतो. हे घ्या, लिहून दिलं. आता तरी घरात कुजबुजणं बंद करा.

म्हातारी छान चालते, पण फार शहाणी झालीय. मी थांब म्हणतो आणि ती स्टेशन ओलांडून आरामात पुढे जाते. आज दोनदा भिंतीला धडकली. बटण कुणी धरलंय याचं तिला काही देणंघेणंच उरलेलं नाही. ते जे काही सावकाशपण तुम्ही घातलंय ते निम्मं करा. थोडी उडी मारू दे तिला. मी हात लावला हे तिला कळलं पाहिजे.

धाकटीचं काम सफाईदार आहे. थोरल्याने यापुढे दुकानदाराचं ऐकावं.

आणि थोरल्या, या खेपेला आलास की तुझे केस मीच कापणार आहे. नको असेल तर तसं माझ्या तोंडावर सांग.

तुमचा,
बाबा