तुझ्या नावाचं कार्ड

माय, परवा सुनेच्या कंपनीचं दवाखान्याचं कार्ड आलं. त्यात माझंही नाव आहे, फोटोसकट. ते हातात घेतलं आणि मला रडू फुटलं. तिला वाटलं, म्हातारी भारावली. अमरावतीच्या राजापेठेतल्या या घरात माणसं पुष्कळ आहेत, पण तुला पाहिलेलं कोणीच उरलं नाही. तुझ्याबद्दल बोलायचं तरी कोणाशी? म्हणून तुलाच लिहितेय.

अकोल्याला बाबा गिरणीत होते तेव्हाचं आपलं कामगार दवाखान्याचं कार्ड म्हणजे साधा पुठ्ठा होता. फोटो नाही, काही नाही. त्यावर कामगार, त्याची बायको, पोरं आणि आईबाप. विधवा बहिणीला त्यात जागा नव्हती. आत्याला क्षय झाला तेव्हा सरकारी दवाखान्यात इंजेक्शनं बाहेरून आणा म्हणाले, आणि ते आपल्या आवाक्यातलं नव्हतं. तोड तूच काढलीस. "अक्का, माह्या नावानं जा," म्हणालीस. तिच्या कपाळाला कुंकू लावलंस, स्वतःचं मंगळसूत्र काढून तिच्या गळ्यात घातलंस. ती हुंदके देत होती आणि तू तिचा पदर सारखा करत होतीस. ती परत येईपर्यंत तू उघड्या गळ्यानं भाकरी थापायचीस. शेजारीण डोकावली की पदर गळ्याभोवती ओढून घ्यायचीस.

पहिल्याच दिवशी घात होता होता राहिला. मी आत्यासोबत होते. कंपाउंडरनं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" रांगेतल्या बाया या प्रश्नाला मान खाली घालत, सोबतच्या पोराला पुढं करत. आत्याला भावाचं नाव घ्यायला कसली लाज? तिनं ते खाडकन सांगून टाकलं. कंपाउंडर चष्मा वर करून हसला. "नवऱ्याचं नाव असं ठणकावून घेनारी बाई पयल्यांदाच पाहून रायलो!" सगळी रांग हसली. आत्या घामाघूम झाली. तेव्हापासून तिचा चेहरा आणि तुझं नाव त्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं.

इंजेक्शनं लागू पडली, आत्याच्या अंगावर मांस चढलं. आणि मग तुझं पोट दुखू लागलं. तू तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून पोटाशी धरायचीस. बाबा म्हणाले, "दवाखान्यात जाऊन ये." तू हसलीस. "कोन म्हनून जाऊ? मी तं कवाचीच बरी झाली ना!" बाबाही हसले. मला त्या हसण्याचा आजही संताप येतो.

एका दुपारी तुला उभं राहवेना, तेव्हा आपण दोघी निघालो. दवाखान्याच्या खिडकीतून तोच कंपाउंडर दिसत होता. आपण दारातून परत आलो. सरकारी दवाखान्यात उद्या जाऊ, सण झाल्यावर जाऊ, असं करत दिवस गेले. शेवटी अमरावतीला नेलं तेव्हा पोटातली गाठ हाताला लागत होती. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "इतके दिवस काय केलं?"

तू गेल्यावर आत्या पुढं वीस वर्षं जगली. तिनं माझी बाळंतपणं काढली, माझी पोरं वाढवली, आणि मी तिच्याशी एक दिवस धड बोलले नाही. तिचा काय दोष होता? ती बिचारी म्हणायची, पोरीला मायची आठवण येते.

हे पत्र मी घडी करून पेटीतल्या लुगड्यांखाली ठेवीन, दुसरं काय करणार? पण एक राहिलं. तू दारातूनच माघारी फिरलीस, असं मी बाबांना सांगितलं, आत्याला सांगितलं, पुढं माझ्या पोरांनाही. तू कुठं फिरली होतीस, माय? तू तर आत पाय टाकला होतास. मीच तुझा दंड धरला आणि म्हटलं, "माय, घरी चाल. बाबाची नोकरी जाईन." तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि मुकाट्यानं माझ्या मागं चालू लागलीस.