एकशे चौऱ्याऐंशी शेवटची पाने

पहिली आली ती शेजारची रुपाबाई. तिला बोलावलेच नव्हते. "सही कराची हाये म्हनते," असे म्हणत चष्मा पुसतच आत आली आणि माझ्या खाटेवर बसली. माझी नात पौर्णिमा वकिलाकडे टायपिंगला असते. तिने विचारले, "आजी, रुपाआजीले या मृत्युपत्रात काही देऊन राह्यली का तू?" मी म्हटले, हो, मोठे पातेले. "मंग तिची सही नोको. ज्याले भेटते त्यानं साक्षीदार होऊ नये, असं आमचे साहेब सांगतात." रुपाबाईने जरा विचार केला. म्हणाली, "मंग मले पातेलंच राहू दे."

साक्षीदार दोन लागतात. मदनसिंग समोरच राहतो, तो येऊन बसला. दुसरा माझा भाचा संघपाल. तो येईपर्यंत लिहून घेते.

मी भागिरथाबाई उकंडराव पडघान, वय अठ्ठ्याहत्तर, माहेर इंझोरी, राहणार मंगरूळपीर. माझे डोके जागेवर आहे, गुडघे नाहीत. कोणी धाक दाखवलेला नाही. गोड बोलून भुलवण्याइतका वेळही घरात कोणाला नाही. माझ्यामागे काय कोणाचे, ते माझ्याच हाताने लिहिते. शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढचे वाचायला कुठे शिकले, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या आणि मागचा नळ, मुलगा धम्मपाल याला. नळावर सकाळी शेजारी पाणी भरतात, ते बंद करू नये.

कलम दोन. इंझोरीचे दोन एकर माझ्या भावाने मला राजीखुशीने दिले. ते मुलगी रत्नमाला हिला. धम्मपालने यावर तोंड वाकडे करू नये, त्याला घर आहे.

कलम तीन. पोस्टात जे असेल ते दोघांना सारखे. माझी तेरवी करू नये, पुण्यानुमोदन करावे. त्या दिवशी भाषणे दोनच ठेवावीत. भात निवतो.

कलम चार. पातेले रुपाबाईला. ते तसेही सहा वर्षांपासून तिच्याकडेच आहे.

कलम पाच. पत्र्याची पेटी, लाकडी पट्टी आणि कात्री. यांची हकिगत लिहावी लागते, नाहीतर मुले पेटी भंगारात घालतील. धम्मपालला ती सवय आहे.

माझे मालक उकंडराव यांचे इथल्या बसस्टँडवर पुस्तकांचे दुकान होते. एका दिवसाच्या भाड्याने अंक द्यायचे. देवाधर्माची पुस्तके कोणी नेत नसे, खुनाची मासिके टिकत नसत. टिकत नसत म्हणजे दोन्ही अर्थांनी. मुंबई, पुणे, नागपूर, कुठून कुठून निघायची. 'पिवळा कंदील' तीन अंक चालले. 'तेरावा जिना' चार. 'सुरा आणि सावली' एकच, तोही दिवाळीचा, फेब्रुवारीत आला. पहिल्या अंकात संपादक लिहायचे की आम्ही वाचकांच्या सेवेला कायमचे आलो आहोत. तिसऱ्या अंकात कागद महागल्याचे लिहायचे. चौथ्यात वर्गणीदारांना विनंती असायची. पाचवा यायचाच नाही. मग तेच संपादक नवे नाव घेऊन यायचे. लेखकांची नावेही खोटी. दोन मासिकांत दोन नावांनी एकच माणूस लिहितो, हे मी ओळखले होते. दोन्हीकडे खुनी सापडला की इन्स्पेक्टर चहा मागायचा.

लोक अंक परत आणत नसत. वाचता वाचता कारंज्याला उतरायचे आणि अंकही त्यांच्यासोबत उतरायचा. म्हणून यांनी युक्ती काढली. नवा अंक आला की पट्टी लावून शेवटचे पान कापायचे आणि पेटीत ठेवायचे. पेटी माझ्या ताब्यात. अंक परत करा आणि स्टुलावर बसून शेवटचे पान इथेच वाचा. तेव्हापासून अंक धावत परत येऊ लागले. दुपारी गिऱ्हाईक नसले की मी पेटीतली पाने काढून अक्षर लावत बसायची. वाचन मी असे शिकले. म्हणून मला सगळे खुनी माहीत आहेत, मेले कोण ते माहीत नाही.

घरोघर टीव्ही आला आणि दुकान बसले. हे गेल्यावर धम्मपालने अंकांची दोन पोती रद्दीत दिली, मला न विचारता. आता माझ्याकडे एकशे चौऱ्याऐंशी शेवट आहेत, सुरुवात एकही नाही. म्हणून पेटीवर धम्मपालचा हक्क नाही. पेटी, पट्टी, कात्री पौर्णिमाला. फक्त एक पान सोडून.

कलम सहा. हे कलम साक्षीदारांना वाचून दाखवू नये.

एकोणऐंशी साली चैत्रात वावटळ आली आणि पेटी उलटली. स्टँडभर पाने. या मासिकांच्या पानांवर नाव नसे, नुसता आकडा, आणि निम्म्यांचे शेवटचे पान शहाण्णव. मी अंदाजाने लावली. दीड महिना लोक दुसऱ्याच गोष्टीचा शेवट वाचून समाधानाने घरी जात होते. तक्रार एकानेच केली. जगदेवराव, एसटीत कंडक्टर. म्हणाले, "बाई, खून कंपाउंडरनं केला म्हन्ते हे पान. माह्या गोष्टीत कंपाउंडरच नाही."

"तुमी नीट वाचलं नसन," मी म्हटले. तिथे मी चुकले, ते इथे लिहून देते.

"खरं पान भेटत नाही तोवर अंक देत नाही," म्हणून ते 'पिवळा कंदील'चा तिसरा अंक घेऊन गेले. खरे पान मला आठव्या दिवशी सापडले, रांजणाखाली. मी निरोप धाडला, आधी अंक आणा. त्यांनी निरोप धाडला, आधी पान. दोन वर्षे रोज दुकानासमोरून घंटी मारत गेले, पाहिले नाही. मग बदली होऊन जिल्ह्यातल्याच मालेगावला गेले. त्या वावटळीला शेहेचाळीस वर्षे झाली. त्या पानावरची शेवटची ओळ मला पाठ आहे: "दार आतून बंद होते, कारण बंद करणारी आतच होती." कोण ती? कोणते दार? ते फक्त जगदेवरावांना ठाऊक.

हे पान माझ्यामागे जगदेवरावांना द्यावे. अंक मागू नये. मी गेल्यावर तो वाचणार कोण.

इथपर्यंत लिहिले आणि दारात स्कूटर थांबली. पौर्णिमाची कामावरची मैत्रीण रूपाली आणि मागे काठी धरून तिचे आजोबा, मालेगावहून तिच्याकडे आलेले. तेच, जगदेवराव. पौर्णिमाने डबा खाताना पेटीची गोष्ट सांगितली, रूपालीने घरी सांगितली, म्हातारा सकाळपासून कपडे घालून बसलेला. मी कागद पेपरने झाकला.

"अजून हायेत म्हना तुमी," ते म्हणाले.

"हाओ. अंक आणला का?"

"आता या वयात कायचा अंक, बाई. द्या ते पान."

"अंक कुठी हाये?"

"पेटीत. मालेगावले."

"मंग पान बी पेटीतच हाये."

मदनसिंग हसून खोकला. तेवढ्यात संघपालचा फोन, मोटरसायकल पंक्चर, आज येत नाही. दुसरा साक्षीदार गेला. रुपाबाई म्हणाली, "हे बसले नं, यायचीच सही घ्या."

यांना यात काही आहे का, असे पौर्णिमाने मला बाजूला नेऊन विचारले, मग त्यांना समजावून सांगितले. "आजोबा, यात तुमच्या नावानं काही हाये. सही केली तर ते कलम आजी खोडते."

"नाही केली तर?"

"तर आजीच्या मागं पान तुमाले भेटते. अंक न देता."

"आन केली तर?"

"तर आजी जिती हाये तोवर अंक आणाचा आन पान न्याचं."

जगदेवरावांनी काठी भिंतीला टेकवली. चहा आला, निवला. मग म्हणाले, "पेन द्या." सही करताना पेपर उचलून बघत होते, मी हात ठेवला.

कलम सहामधली, पान देण्याची तीन वाक्ये मी खोडली आहेत. शेजारी माझी सही आहे. बाकी वाचावे, ते खरे आहे.

कलम सात. बाकी काही राहिले असेल ते पौर्णिमाला. आणि सोमवारपर्यंत मला काही होऊ नये, एवढी काळजी घरच्यांनी घ्यावी.

लिहून देणार: भागिरथाबाई उकंडराव पडघान (सही)

साक्षीदार:
१. मदनसिंग, समोरच्या घरचे (सही)
२. जगदेवराव, निवृत्त कंडक्टर, मालेगाव (सही)

ठिकाण: मंगरूळपीर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

नोंद: जगदेवराव आणि रूपाली सोमवारी पहिल्या गाडीने अंक घेऊन येतो म्हणून गेले.