सकाळच्या केकचा आचारी

ती. आक्कांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? माझे बोलायचे थांबलेत, नुसते कण्हतात. तुमची बहीण तब्येतीने ठणठणीत आहे. विसरणं वाढलंय, पण ते नंतर, आधी केक.

तर आक्का, मी केक केला. (हसा, हसून घ्या.) झालं असं, की कपड्यांच्या कपाटातून वास यायला लागला. उंदीर मेला असणार म्हणून नाक दाबून सगळे कपडे बाहेर काढले, तर तळाशी माझ्या कानटोपीत काळी ठिक्कर पडलेली केळी! तुमच्या बहिणीनेच पिकत घातलेली. तिला नाश्त्याला तिचा तो केळ्याचा केक हवा होता, आणि टाकून द्यावीशी वाटेपर्यंत केळी केकच्या लायकीची होत नाहीत, हे तिला पक्कं आठवतं. माझं नाव आठवत नाही, केळ्यांचं आठवतं. असो.

केळी कुस्करली, तिथवर ठीक. पुढे मात्र नाकी नऊ आले. सोडा किती घालायचा विचारलं, तर म्हणाली, "अंदाजाने." माझा अंदाज तुम्हाला ठाऊक आहे (तुमच्या दिवाणखान्यातला तो आखूड पडदा मीच मापला होता). केक फुगला तो भांड्याबाहेर आला आणि ओव्हनच्या तळाशी सांडून जळायला लागला. मी सारखं दार उघडून बघत होतो, त्यामुळे भांड्यात उरलेला मधोमध खचला. धूर पाहून वरच्या मजल्यावरचे बंबवाले आजोबा (आगीच्या बंबावरून निवृत्त झालेत) बादली घेऊन धावत आले आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी ती ओव्हनवर रिकामी केली. बिचाऱ्यांना किती दिवसांनी काम मिळालं! केक मी तेवढ्यात बाहेर काढला होता, म्हणून वाचला. वाचला नसता तर बरं झालं असतं.

कारण एक घास खाऊन तुमच्या बहिणीने मला समोर उभं केलं. आक्का, हल्ली ती मला आचारी समजते. मीही तिची चूक सुधारत नाही. नवरा म्हणून खोलीत गेलो तर घाबरून ओरडते, आचारी म्हणून गेलो तर बसा म्हणते. म्हणाली, "तुम्हाला काही येत नाही हो. आमचे हे आले की तुम्हाला मोकळं करू, दुसरा माणूस बघू." मग एक तुकडा ताटलीत काढून त्यावर वाटी पालथी घातली. ह्यांच्यासाठी. ह्यांना करपलेली कड आवडते म्हणे. (आवडते हो. खरंच आवडते.) तो तुकडा मी स्वयंपाकघरात जाऊन उभ्याने खाल्ला आणि मला रडू आवरेना. एवढा बाप्या माणूस, तोंडात केक आणि डोळ्यांत पाणी, काय ते ध्यान!

बाकी सगळं ठीक. गुडघ्यांना जपा.

तुमच्या बहिणीचा नवरा
(तूर्त आचारी)

ता. क. केकची कृती पाठवू नका. तुमचं अक्षर ती अजून ओळखते, म्हणून हा पत्राचा खटाटोप. तिला दोन ओळी लिहा, की हा आचारी आपल्या ओळखीतला आहे, हाताला चव नाही पण माणूस जिवाला जीव देणारा आहे, त्याला काढू नकोस. तुमचा शब्द ती मोडणार नाही.

आणखी एक. हे कधी येणार, असं ती रोज विचारते. येतील म्हणून लिहा. पण लवकर येतील असं लिहू नका, आक्का. ते आले की मला जावं लागेल.